कब्रस्तानातले पिंगळे

आमच्या गच्चीच्या मागच्या कठड्याशी उभं राहिलं की खाली कब्रस्तान दिसतं. घरी पहिल्यांदा आलेल्या पाहुण्यांना हे कळलं की त्यांचा प्रश्न ठरलेला असतो, "तुम्हाला भीती नाही वाटत?" पूर्वी मी हसून विषय बदलायचे. आता त्यांना गच्चीवर घेऊन जाते आणि भिंतीपलीकडच्या चिंचेकडे बोट दाखवते. "बुंध्याला जिथे दोन फांद्या फुटतात तिथे बघा. आणि आता गप्प उभे राहा." बहुतेकांना दोन मिनिटांपेक्षा जास्त गप्प राहवत नाही. ज्यांना राहवतं, त्यांना पिंगळा दिसतो.

सोलापूर म्हटलं की लोकांना चादर, शेंगाची चटणी आणि ऊन आठवतं. जंगली प्राणी म्हटलं तर फार तर नान्नजचं माळढोक अभयारण्य. प्राण्यांचे फोटो काढायचे म्हणजे ताडोबाला जायचं, जिप्सी करायची, हातभर लांब लेन्स घ्यायची, असाच माझाही समज होता. शाळा, दोन मुलं आणि अम्मीची शुगर सांभाळून मला ताडोबा कधी जमलं नाही. जे काही पाहिलं ते या गच्चीवरूनच, साठ-सत्तर फुटांवरून. त्याची सुरुवात मात्र फोटोच्या हौसेने झाली नाही.

२०२१ च्या एप्रिलमध्ये अब्बा गेले. करोनाची दुसरी लाट होती. त्यांना करोना नव्हता, हृदयाने दगा दिला होता. पण नियम सगळ्यांना सारखा, जनाज्याला वीसच माणसं. मोहल्ल्यातली माणसं आपापल्या दारात उभी राहिली. आमच्याकडे बायका कब्रस्तानात जात नाहीत. यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत हे मला माहीत आहे आणि हा लेख त्या वादाबद्दल नाही. मी गच्चीवर उभी राहून अब्बांना मातीत उतरवताना पाहिलं. भाईजानने मूठभर माती टाकली, नंतर बाकीच्यांनी. उन्हामुळे डोळ्यांसमोर अंधारी येत होती, त्यामुळे शेवटचं फार काही नीट दिसलं नाही.

पुढचे कित्येक दिवस फोनवर एकच वाक्य ऐकत होते. "सब्र करो बेटी." मी उर्दू शाळेत मराठी शिकवते. शब्द एका भाषेतून दुसरीत कसे जातात, ते मुलांना दाखवणं हा माझा आवडता उद्योग. 'सबुरी' हा आपला मराठी शब्द याच 'सब्र'मधून आला, आणि शिर्डीच्या 'श्रद्धा आणि सबुरी'मुळे तो घरोघरी पोहोचला, हे मी दरवर्षी वर्गात सांगते. पण सबुरी म्हणजे नेमकं करायचं काय? सकाळी उठून काय करायचं, संध्याकाळी काय करायचं? हे कुणी सांगत नाही. मी रोज असरनंतर गच्चीवर जायचे, अब्बांच्या कबरीच्या दिशेने तोंड करून फातिहा म्हणायचे आणि खाली यायचे. तेवढंच करत होते.

कॅमेरा भाईजानचा. सौदीहून परतताना त्याने आणलेला, कॅननचा जुना डीएसएलआर आणि ७०-३०० ची लेन्स. घरात नुसताच पडून होता. एके दिवशी मी तो गच्चीवर नेला, कारण त्या लेन्समधून अब्बांची कबर जवळ दिसेल एवढंच मनात होतं. दिसलीही. मातीचा उंचवटा, पायथ्याशी लावलेलं तगरीचं रोप, मामूंनी ठेवलेलं पाण्याचं मडकं. मामू म्हणजे आमच्याकडे कबरी खोदतात ते. मी बघत असतानाच त्या मडक्यामागून एक मुंगूस बाहेर आलं. मागच्या दोन पायांवर उभं राहिलं, इकडेतिकडे पाहिलं आणि अब्बांच्या कबरीला वळसा घालून गवतात शिरलं. मी घाईघाईने बटण दाबलं. फोटोत फक्त शेपटीचं टोक आलं, तेही हललेलं.

अब्बांना हे आवडलं असतं. ते यंत्रमागावर चादरी विणायचे आणि सुट्टीच्या दिवशी आम्हाला कंबर तलावावर बदकं दाखवायला न्यायचे. त्या रात्री मी कितीतरी दिवसांनी नीट झोपले.

त्यानंतरचे चार महिने माझ्याकडे फक्त शेपट्या जमल्या. मुंगसाची शेपटी, सरड्याची शेपटी, उडून गेलेल्या पक्ष्यानंतरची रिकामी फांदी. फोटो काढायला शिकवणारे लोक कॅमेऱ्याबद्दल खूप सांगतात, पण मला अडचण कॅमेऱ्याची नव्हतीच. अडचण माझी होती. मी कठड्यावर डोकं काढलं की खाली सगळं थांबायचं. खारीचा चिरका आवाज सुरू व्हायचा, ती बुलबुलांना सांगायची, बुलबुल साऱ्या कब्रस्तानाला सांगायचे. प्राण्यांच्या लेखी मी भिंतीवरून डोकावणारं एक मोठं, सतत हलणारं डोकं होते.

उपाय घरातच सापडला. गच्चीवरच्या दोरीवर मी अब्बांनी विणलेल्या दोन जुन्या चादरी शेजारी शेजारी वाळत घातल्या आणि मधे चार बोटांची फट ठेवली. मागे प्लास्टिकचं स्टूल. कठड्यावर गव्हाने अर्धी भरलेली कापडी पिशवी, तिच्यावर लेन्स टेकवली की हात थरथरला तरी चालतं. चादरी रोज त्याच जागी असायच्या, मी कॅमेरा घेऊन बसले नसले तरीही. आठेक दिवसांत खारीने चादरींची दखल घेणं सोडलं. खार निर्धास्त झाली की बाकीचेही हळूहळू निर्धास्त होतात.

फोटोसाठीची सबुरी म्हणजे प्राणी येईपर्यंत वाट बघणं, असं मला आधी वाटायचं. पण प्राणी आलेलेच असतात, ते इथेच राहतात. वाट बघायची असते ती आपण त्यांच्यासाठी नवे राहणार नाही तोपर्यंत. रोज त्याच वेळी, त्याच जागी, तशाच कपड्यांत, काही न मागता जाऊन बसायचं. कुणाच्या घरी मयत झाल्यावर शेजारच्या बायका येऊन नुसत्या बसून राहतात ना, तसं.

पिंगळ्यांची जोडी मला २०२२ च्या थंडीत नीट दिसली. आवाज आधीपासून ऐकू यायचा, दिवस मावळताना कुणीतरी भांडतंय असा चिर्र चिर्र कलकलाट. जुन्या कडुलिंबाच्या एका वाळक्या फांदीत ढोली होती. एका संध्याकाळी त्या ढोलीच्या तोंडाशी मला दोन पिवळे डोळे दिसले, त्यांच्यावर पांढऱ्या भुवया. मूठ-दीड मूठ एवढा जीव. त्याने माझ्याकडे, म्हणजे चादरींच्या फटीकडे, टक लावून पाहिलं. मग मान खाली-वर, खाली-वर केली, जणू मला काही समजावून सांगत होता. नंतर वाचनात आलं की अंतराचा अंदाज घेण्यासाठी ते अशी मान हलवतात. त्यांचे डोळे खोबणीत फिरत नाहीत, म्हणून सगळं काम मानेला करावं लागतं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात विचारलं, "पिंगळा म्हणजे काय?" कुणालाच सांगता येईना. मी फोटो दाखवला. सगळा वर्ग एका आवाजात ओरडला, "उल्लू!" आणि हसत सुटला. उर्दूत आणि आमच्या दखनीत उल्लू ही शिवी आहे. मराठीत घुबड ही शिवी नसली तरी कौतुक नक्कीच नाही. 'पिंगळा' या शब्दाला मात्र मराठीने थोडा मान दिला आहे, पहाटे दारावर येऊन भविष्य सांगणाऱ्यालाही पिंगळाच म्हणतात. तो शब्द मुलांनी वहीत लिहिला. तो त्यांच्या लक्षात राहिला, कारण शब्दाला चेहरा होता.

पिंगळ्यांचे फोटो काढण्यात माझी एक वेगळीच अडचण होती. ते ढोलीतून बाहेर येतात ती वेळ नेमकी मगरिबची. आमच्या पाच नमाजांमध्ये मगरिबची मुदत सगळ्यात कमी. सूर्य बुडाला, अजान झाली की लगेच पढायची. आणि फोटोला लागेल एवढा उजेडही त्याच वेळी संपत असतो. अजानच्या आधी पाच मिनिटं ढोलीच्या तोंडाशी हालचाल सुरू व्हायची. अजान सुरू झाली की पहिला पिंगळा फांदीवर यायचा. आणि मी कॅमेरा ठेवून उठायचे. नमाज आटोपून परत येईपर्यंत काळोख. शटर सेकंदाच्या तिसाव्या भागापर्यंत उतरलेलं असायचं, फोटोत पिंगळ्याच्या जागी राखाडी डाग. फ्लॅश मी वापरत नव्हते. काळोखात शिकार करणाऱ्याच्या डोळ्यांवर एकदम लख्ख उजेड मारणं मला बरं वाटलं नाही.

मनात कधी कधी आलंच. तीन मिनिटांनी काय होतं? आजचा दिवस काढू, मग नमाज. एकदा तसं केलंही. फोटो चांगला आला, स्पष्ट. पण मला तो अजूनही बघवत नाही. घाईत पढलेल्या त्या नमाजची आठवण त्याच्यासोबत येते.

मग मी गच्चीवरच मुसल्ला अंथरायला लागले, चादरींच्या आडोशाला. जानेवारीतली एक संध्याकाळ. फर्ज झाले, सुन्नत झाली, उजवीकडे सलाम फेरला, डावीकडे फेरला, आणि पाण्याच्या टाकीवर पिंगळा बसलेला. माझ्यापासून आठ फुटांवर, त्याहून जास्त नाही. कॅमेरा कठड्यावर गव्हाच्या पिशवीला टेकलेला, हात पोहोचणार नाही इतका लांब. मी हलले नाही. त्याने मान खाली-वर केली. मी गुडघ्यांवर हात ठेवून तशीच बसले. किती वेळ ते सांगता येणार नाही, कारण त्या वेळात मी काही मोजत नव्हते. मग तो खाली झेपावला, टाकीच्या पायाशी काहीतरी पकडलं, बहुतेक नाकतोडा, आणि पंखांचा जराही आवाज न करता भिंतीपलीकडे गेला.

तो फोटो माझ्याकडे नाही. माझ्याकडे असलेल्या सगळ्या फोटोंमध्ये मी तोच पहिला मोजते.

इथे एक चूकही कबूल केली पाहिजे. २०२३ च्या मार्चमध्ये ढोलीतून तीन पिल्लं डोकावताना दिसली. कापसाचे बोळे, त्यांना डोळे लावलेले. उजेड चांगला होता, मगरिबला अजून अर्धा तास होता. तिघं एका ओळीत, मधलं पिल्लू मान वाकडी करून बघतंय. दोन वर्षांच्या बसण्याचं फळ एका फोटोत मिळालं होतं. मी तो तासाभरात व्हॉट्सॅपवर स्टेटसला ठेवला, खाली लिहिलं, 'आमच्या कब्रस्तानातले नवे पाहुणे'. दुसऱ्या संध्याकाळी भिंतीवर मोहल्ल्यातली सात-आठ पोरं चढली होती. मोबाइलच्या टॉर्च ढोलीवर रोखलेल्या. एकाच्या हातात बेचकी होती. त्यातले तिघे माझ्याच वर्गातले. "टीचर, आप ही ने तो दिखाया!" खरंच होतं ते.

मी त्यांना रागावले नाही, तसा हक्कच नव्हता. स्टेटस काढून टाकला. पुढचे तीन दिवस ढोलीचं तोंड रिकामं दिसलं. ते तीन दिवस मी चादरींमागे बसून जे काही पढत होते, ते पिंगळ्यांसाठीच. चौथ्या दिवशी मोठा पिंगळा चोचीत काहीतरी घेऊन ढोलीत शिरताना दिसला तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. फोटो मिळाला म्हणजे सबुरीचं काम संपलं असं मला वाटलं होतं. तो लगेच न दाखवणं हाही त्याच सबुरीचा भाग आहे, हे मला उशिरा कळलं. आता पिल्लं उडून गेल्याशिवाय मी घरट्याचा फोटो कुणाला दाखवत नाही.

त्या पोरांना मी कामाला लावलं. मामूंना सगळ्यात जास्त माहिती होती, फक्त त्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं. "बाजी, ये तो हमारे चौकीदार हैं," ते म्हणाले. "चूहे खा जाते. चूहे कबर पोली करते." मी सांगितल्यावर त्यांनी कडुलिंबाखाली पडलेल्या काळसर गोळ्या काड्यापेटीत भरून पाठवल्या. पिंगळा भक्ष्याचा जो भाग पचत नाही त्याची गोळी करून तोंडावाटे टाकून देतो. वर्गात आम्ही त्या गोळ्या पाण्यात भिजवून चिमट्याने सोडवल्या. भुंग्यांच्या कडक पंखांचे तुकडे, नाकतोड्यांचे पाय, आणि उंदराचा जबडा, इवल्या दातांसकट. बेचकीवाल्या पोराने तो जबडा वहीच्या पानावर चिकटवला आणि खाली मराठीत लिहिलं, 'पिंगळ्याचे जेवण'. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

महाराष्ट्र सरकारने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला आहे. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा. चितमपल्ली आमच्या सोलापूरचे, इथेच २००६ मध्ये ते साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले होते. त्या आठवड्यात मी मुलांना सालिम अलींच्या आयुष्यातला एक काळ सांगते. १९३० मध्ये ते जर्मनीहून शिकून परतले तेव्हा मुंबईतली त्यांची नोकरी राहिली नव्हती. मग ते अलिबागजवळच्या किहीमला बायकोकडच्या घरी जाऊन राहिले. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. पावसाळ्यात महिनोन्‌महिने ते ती घरटी बघत बसले. नर अर्धं घरटं विणतो, मादी येऊन तपासते, तिला पसंत पडलं तर ती राहते, मग नर ते पुरं करतो आणि दुसऱ्या मादीसाठी नवं विणायला घेतो, हे त्यांनी तिथे शोधून काढलं. त्यासाठी ते हिमालयात गेले नव्हते. नोकरी नसलेला माणूस घराजवळ बसून नीट बघत राहिला आणि त्यातून त्यांचं नाव झालं. मुलांना ही गोष्ट आवडते. त्यांच्यातल्या अनेकांच्या घरी नोकरी नसलेलं कुणीतरी असतंच.

दुसरी गोष्ट रानपिंगळ्याची. हा आमच्या पिंगळ्याचा जंगलातला भाऊबंद. १८८४ नंतर तो कुणाला सापडलाच नव्हता. एका नामांकित इंग्रज संग्राहकाने आपल्याला १९१४ मध्ये गुजरातेत मिळाल्याचं सांगितलं होतं, पण तो नमुना संग्रहालयातून चोरलेला जुनाच पक्षी होता, चिठ्ठी बदललेला. त्या खोट्यामुळे लोक चुकीच्या जागी शोधत राहिले. १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांनी तो शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी पुन्हा शोधला. ११३ वर्षं. मी मुलांना विचारते, "तेवढी वर्षं तो कुठे होता?" कुणीतरी हळूच म्हणतं, "वहींच था, टीचर."

२०२४ च्या फेब्रुवारीत माझी परीक्षा आली. शबे-बरातच्या आधी दरवर्षी कब्रस्तानाची सफाई होते, रोषणाई होते, रात्रभर लोक येतात. त्या वर्षी ट्रस्टच्या मंडळींनी ठरवलं की कडुलिंबाची वाळकी फांदी तोडायची आणि खोडाला मोठे हॅलोजन बांधायचे. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. फांदी खरंच वाळलेली होती, खाली माणसं उभी राहतात, उद्या कुणाच्या डोक्यात पडली तर? त्यात काहींनी आणखी एक कारण जोडलं. मोहल्ल्यात लागोपाठ तीन मयती झाल्या होत्या आणि 'वो मनहूस रोज चिल्लाते' अशी चर्चा होती. ढोलीत त्या वेळी अंडी किंवा नुकती फुटलेली पिल्लं असणार, असा माझा हिशेब होता.

ट्रस्टचे वडीलधारे चाचा अब्बांचे दोस्त. मी भाईजानला सोबत घेऊन त्यांच्या घरी गेले. गादीवर तक्क्याला टेकून ते तसबीह फिरवत होते. मी मागच्या वर्षीचा तीन पिल्लांचा फोटो त्यांच्या हातात दिला आणि सांगितलं की हे तुमच्या फांदीत राहतात. त्यांनी चष्मा लावून खूप वेळ पाहिलं. मग म्हणाले, "तसवीर तो अच्छी है बेटी. मगर लोग डरते हैं."

मी वर्गात बोलते तशीच बोलले. म्हटलं, चाचा, अज्ञानकाळातले अरबही असंच मानायचे. खून झालेल्याचा बदला घेतला नाही तर त्याच्या डोक्यातून घुबडासारखा पक्षी निघतो आणि कबरीवर ओरडत राहतो, अशी त्यांची समजूत होती. त्या पक्ष्याला ते 'हामा' म्हणायचे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हामा असं काही नसतं म्हणून स्पष्ट सांगितलं. ती हदीस तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आणि मग आपण आपल्याच कब्रस्तानात तीच समजूत परत आणायची?

चाचांची तसबीह थांबली. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "अब्बा की कबर तुम्हारी गच्ची से दिखती क्या?" मी मान हलवली. "रोज बैठती तू वहाँ?" मी पुन्हा मान हलवली. ते आणखी काही बोलले नाहीत. चहा आला, आम्ही प्यायलो आणि घरी आलो.

दोन दिवसांनी मामूंकडून निरोप आला. हॅलोजन फाटकाजवळच्या लोखंडी खांबाला बांधले गेले. फांदीचा पुढचा, हलणारा भाग तोडला. बुंध्याकडचा, ढोलीचा भाग ईदपर्यंत ठेवला आणि त्याच्याखाली दोरी बांधून माणसांना उभं राहायला मनाई केली. ईदनंतर बघू. मला पूर्ण फांदी हवी होती, काहींना पूर्ण तोडायला हवी होती. दोघांनाही अर्धीच मिळाली.

त्या वर्षीचा रमजान मार्च-एप्रिलमध्ये होता. आमची इफ्तार आणि पिंगळ्यांची शिकार एकाच वेळी सुरू व्हायची. मी खजूर आणि पाण्याचा पेला घेऊन गच्चीवर बसायचे. अजान झाली की मी रोजा सोडायचे आणि समोर पिल्लांना दिवसातला पहिला घास भरवला जायचा. विसाव्या रोजाच्या सुमाराला दोन पिल्लं फांदीवर येऊन बसली. या वेळी दोनच. ईदच्या आधी ती उडायला लागली.

मे महिन्यात वळवाच्या वादळात ती अर्धी फांदी आपोआप कोसळली. रात्रीची वेळ होती, खाली कुणी नव्हतं. सकाळी मामूंनी ढोलीचा तुकडा उचलून माझ्या दारात आणून ठेवला. आत थोडी पिसं होती, भुंग्यांचे पंख होते. चाचांची काळजी खोटी नव्हती, हे तो तुकडा बघताना मला मान्य करावं लागलं. तो आता शाळेत माझ्या वर्गाच्या खिडकीत आहे.

जोडी दोन-तीन महिने दिसली नाही. मी रोज बसत होते, पण मनाची तयारी केली होती. सप्टेंबरमध्ये एका संध्याकाळी चिर्र चिर्र कलकलाट पुन्हा ऐकू आला, पण कडुलिंबाकडून नाही, चिंचेकडून. अब्बांच्या कबरीच्या उशाशी आहे त्या चिंचेकडून. यात काही संकेत आहे असं मी मानत नाही. आत्ताच हामाबद्दल एवढं बोलून मला ते शोभणारही नाही. चिंच जुनी आहे, तिला ढोली आहे, पिंगळ्यांना ढोली लागते. एवढंच. पण आता लेन्स चिंचेकडे वळवली की फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यात तगरीचं रोप येतं, हे खरं आहे. कबरी फोटोत घ्यायच्या नाहीत हा मी स्वतःला घालून दिलेला नियम. मी कॅमेरा थोडा वर उचलते.

मराठीत भिंतीवर लावायच्या चित्राला तसबीर म्हणतात, तीही 'तसवीर'मधूनच आलेली. आमच्या घरात मात्र एकाही प्राण्याची तसबीर लावलेली नाही. अम्मी त्या खोलीत नमाज पढते, सजीवांची चित्रं समोर नकोत असं तिचं म्हणणं, आणि घर तिचं आहे. तीन पिल्लांचा फोटो शाळेत आहे, फळ्याशेजारच्या शब्दांच्या तक्त्यावर. त्याखाली 'पिंगळा' असं मराठीत आणि उर्दूत लिहिलेलं आहे.

अम्मीला आता डोळ्यांनी फारसं दिसत नाही. पण संध्याकाळी मी खाली आले की ती विचारते, "आए क्या?" मी म्हणते, "आए." ती समाधानाने मान हलवते आणि मुसल्ला अंथरते. ज्या दिवशी ते येत नाहीत, त्या दिवशी मी तसं सांगते. तेव्हा तीही अब्बा गेले तेव्हा सगळे म्हणत होते तेच म्हणते. मी चादरी काढत नाही, रात्रभर तशाच राहू देते.